अर्ध्या चमच्याचा हिशेब

२००७ साली काठमांडूच्या एका रुग्णालयात एक परदेशी विद्यार्थी उभा होता. त्याचे नाव लायनस लिआंग. शिक्षण संगणकशास्त्राचे, वैद्यकाशी संबंध नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एका वर्गात त्याच्या गटाला एक काम मिळाले होते : नेपाळसाठी स्वस्त इन्क्युबेटर तयार करा. अपुऱ्या दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाला ऊब देणारे हे यंत्र. आपल्याकडे ‘बाळाला काचेच्या पेटीत ठेवले आहे’ असे जे म्हणतात, ती ही पेटी. त्या काळी अशा एका पेटीची किंमत २० हजार डॉलरपर्यंत जात असे. ती एक टक्क्यावर, म्हणजे २०० डॉलरवर आणावी, असे लक्ष्य होते. हुशार मुलांना असा प्रश्न दिला की त्यांचे हात शिवशिवू लागतात. कोणता भाग वगळता येईल, कोणता स्वस्त पडेल, याची आकडेमोड तत्काळ सुरू होते. हा विद्यार्थी मात्र आधी पाहावयास गेला. त्याने पाहिले ते असे की, रुग्णालयात देणगी म्हणून आलेल्या पेट्या होत्या, आणि त्या रिकाम्या पडून होत्या.

हे कसे? नेपाळमध्ये बाळे दगावत नव्हती काय? दगावत होती, पण खेड्यांत, डोंगरांत, रुग्णालयापासून कोसोगणती दूर. ज्या बाळाला पेटी हवी ते पेटीपर्यंत पोहोचतच नव्हते. एखादे पोहोचलेच, तरी त्याला कित्येक आठवडे तेथे ठेवणे आवश्यक असे आणि आईला पाच-सहा दिवसांत घरी परतावे लागे, कारण घरी शेत होते, गुरे होती, मागची मुले होती. पेटी महाग होती हे खरेच. परंतु ती फुकट मिळूनही उपयोगी पडत नव्हती, हे त्याहून मोठे सत्य होते, आणि ते गटाला मिळालेल्या लेखी कामात कोठेही लिहिलेले नव्हते.

विद्यार्थ्यांच्या गटाचे नेतृत्व या विषयावर आज बरेच बोलले आणि लिहिले जाते. गट कसा बांधावा, कामे कशी वाटावीत, मतभेद कसे मिटवावेत, याची पुस्तके निघतात. ती उपयुक्त असतीलही. पण भिन्न संस्कृतीच्या समाजात जाऊन उद्योग उभा करू पाहणाऱ्या गटापुढचा पहिला प्रश्न फार निराळा असतो. घरून आणलेला प्रश्न चुकीचा ठरला, तर तो टाकून देण्याचे धैर्य गटात आहे काय? या एका प्रश्नासाठी त्या स्टॅनफर्डच्या गटाची कथा तपशिलाने सांगण्यासारखी आहे. त्यातील एक प्रसंग आपल्या महाराष्ट्रात घडला, हे आणखी एक कारण.

त्या वर्गाचे नाव साधारणपणे ‘अत्यंत परवडण्याजोग्या किमतीसाठी रचना’ असे मराठीत सांगता येईल. अभियांत्रिकी, व्यवस्थापन अशा वेगवेगळ्या विद्याशाखांचे विद्यार्थी तेथे एका गटात घातले जातात आणि त्यांना परदेशातील एखाद्या गरीब समाजाची खरीखुरी अडचण दिली जाते. या गटात जेन चेन आणि राझमिग होवाघिमिअन हे दोघे व्यवस्थापनाचे विद्यार्थी होते. लायनस लिआंग संगणकाचे. राहुल पणिक्कर आणि नागानंद मूर्ती हे दोघे भारतीय, मद्रासच्या आयआयटीतून तेथे गेलेले. पाच जणांत वैद्यकाचा विद्यार्थी एकही नाही. एकाची मातृभूमी दुसऱ्याला परदेश. गटातच दोन-तीन संस्कृती होत्या, आणि ज्यांच्यासाठी काम करायचे ती नेपाळची माता या सर्वांनाच परकी.

येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. गटात दोन भारतीय होते म्हणून भारतीय खेडे गटाला आपोआप कळले असते, असे मानण्याचे कारण नाही. मद्रासच्या आयआयटीपासून डोंगरातील बाळंतिणीच्या खोलीपर्यंतचे अंतर कॅलिफोर्नियाहून फारसे कमी नसते. पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयातून मेळघाटात जाणाऱ्या मुलांनी हे विशेष लक्षात ठेवावे. भाषा एक, देव एक, सण एक, तरीही ‘आपलेच लोक आहेत, विचारायचे काय?’ हा भ्रम परक्याच्या अज्ञानापेक्षा घातक ठरू शकतो. परका निदान विचारतो तरी.

लिआंग परतले आणि त्यांनी पाहिलेले गटापुढे ठेवले. मग वाद झाला. रुग्णालयासाठी स्वस्त पेटी करणे हे दिलेले काम होते. ते आटोक्यातले होते, सत्र संपेपर्यंत होण्याजोगे होते, गुणही त्यावरच मिळाले असते. खेड्यातल्या आईच्या हाती देता येईल अशी वस्तू करणे हे अनोळखी रानात शिरणे होते. वीज नाही, डॉक्टर नाही, वाचता येईल याची शाश्वती नाही. वर्गातील एका साहाय्यक शिक्षिकेने त्यांना अवघड वाट धरण्यास उत्तेजन दिले आणि गटाने ती धरली. विद्यार्थ्यांच्या गटात पगार नसतो, बढती नसते, कोणाला काढून टाकता येत नाही. गटप्रमुखाच्या हाती अधिकार म्हणून काहीच नसते. अशा वेळी पाहून आलेल्या एकाच्या शब्दावर न पाहिलेल्या चौघांनी आपले आयते उत्तर सोडले, हीच त्या गटाची खरी घडण म्हणावी लागेल. आपल्याकडे बहुधा याच्या उलट घडते. जो गावात जाऊन येतो त्याला ‘अहवाल लिहून दे’ असे सांगतात आणि योजना ठरल्याप्रमाणेच पुढे जाते.

प्रश्न बदलला तशी वस्तूही बदलली. पेटी गेली, काच गेली. तिच्या जागी बाळाला गुंडाळून ठेवता येईल अशी लहानशी झोपायची पिशवी आली. तिच्या पाठीमागे मेणासारख्या पदार्थाची एक सपाट थैली. हा पदार्थ ३७ अंश सेल्सियसला, म्हणजे माणसाच्या शरीराच्या तापमानाला वितळतो. गरम पाण्याने तो वितळवला की पुन्हा घट्ट होईपर्यंत चार ते सहा तास तेच तापमान धरून ठेवतो. ना तार, ना हलणारा भाग, शिवाय धुऊन निर्जंतुक करता येण्याजोगी. थंडीत गोठलेले खोबरेल तेल ज्या घरात वाटी गरम पाण्यात ठेवून पातळ करतात, त्या घराला यातले शास्त्र समजावून सांगावे लागणार नाही. अशा बाळांच्या अंगावर पुरेशी चरबी नसते. ती स्वतःची ऊब टिकवू शकत नाहीत आणि श्वास, दूध, वाढ यांसाठी लागणारी शक्ती नुसते गरम राहण्यात खर्ची पडते. पूर्वी घरोघरी गरम पाण्याच्या बाटल्या बाळाभोवती ठेवीत, विजेच्या दिव्याखाली बाळ निजवीत, शेगडीजवळ ठेवीत. त्यात भाजण्याचे भय होते आणि ऊबही एकसारखी नसे.

वस्तू उत्तम होती, पण परीक्षा पुढेच होती.

त्या दिवसांत गटाची मंडळी आपले नमुने घेऊन भारतातील खेड्यांत फिरत होती. महाराष्ट्रातील एका खेड्यात त्यांनी आयांना नमुना दाखवला. थैली किती तापली हे अंकांत दाखवणारी खूण त्यावर होती आणि ती ३७ अंशांवर आणायची होती. यात न समजण्यासारखे काय आहे, असे कोणालाही वाटावे. एका आईला विचारण्यात आले, बाई, तुम्ही हे कसे वापराल? तिने प्रामाणिकपणे जे सांगितले त्याचा आशय असा : आमच्या गावात इंग्रजी औषध फार कडक मानतात. डॉक्टरांनी बाळाला एक चमचा द्या म्हटले, तर मी अर्धाच देते, उगाच बाधू नये म्हणून. तुम्ही ३७ म्हणता, तर मी ३० पर्यंतच तापवीन.

मित्रहो, या बाईला अडाणी म्हणण्याची चूक कोणी करू नये. तिचा हिशेब पक्का आहे. ‘औषध गरम पडते’ हे वाक्य महाराष्ट्रातील कोणत्या घरात ऐकू येत नाही? शहरातील शिकलेली आजीसुद्धा नातवाला प्रतिजैविकाचा डोस निम्मा करून देते, आणि डॉक्टरांना सांगत नाही. त्या आईला आकडा वाचता येत होता, सूचना कळली होती, बाळावर जीव होता. नेमक्या त्या मायेपोटीच तिने तापमान सात अंशांनी कमी केले असते आणि बाळ गारठले असते. यंत्रात काही दोष नव्हता. यंत्र आणि आई यांच्यामध्ये एका समाजाची औषधाविषयीची जुनी समजूत उभी होती, आणि ती प्रयोगशाळेत दिसणे शक्य नव्हते.

गटापुढे दोन वाटा होत्या. प्रबोधन करावे, भिंतीवर चित्रे लावावीत, ‘३७ म्हणजे ३७च’ असे बजावावे, ही एक. यंत्र बदलावे, ही दुसरी. त्यांनी आकडाच काढून टाकला. थैली योग्य तापली की ‘ओके’ अशी खूण दिसेल, नसेल तर दिसणार नाही. मध्ये काही नाही. अर्धा चमचा देता येतो, अर्धे ‘ओके’ देता येत नाही. हा बदल तांत्रिकदृष्ट्या किरकोळ होता, पण तो सुचण्यासाठी स्वतःच्या हुशारीवरचा विश्वास क्षणभर बाजूला ठेवावा लागला. समाजात काम करणाऱ्या कार्यकर्त्याला प्रबोधनाची वाट नेहमी जवळची वाटते, कारण तिच्यात बदलायचे ते समोरच्याने. प्रबोधनाचे मोल आहेच. पण बाळाला तितका वेळ नसतो.

आणखी एक बाब मराठी वाचकाला सहज कळेल, परक्याला कळायला वेळ लागतो. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी. तेथे बाळाला न्हाऊ घालणारी कोण, शेक-शेगडी करणारी कोण, सव्वा महिना खोलीत कोणाला येऊ द्यायचे हे ठरवणारी कोण? आजी, आणि अनेक गावांत अजूनही सुईण. दुसऱ्या खेपेला तोच अधिकार सासूकडे जातो. अठरा-वीस वर्षांच्या आईशी दोन तास बोलून, वही भरून परतणाऱ्या गटाने निर्णय घेणाऱ्या व्यक्तीला गाठलेलेच नसते. आजी कोपऱ्यात सुपारी कातरीत सर्व ऐकत असते आणि पाहुणे गेल्यावर काय करायचे ते करते.

आता या कथेचा तो भाग, जो बक्षीससमारंभात फारसा सांगितला जात नाही. वर्ग दोन सत्रांचा होता. सत्र संपले, गुण मिळाले, कौतुक झाले. असे शेकडो उत्तम नमुने जगभरच्या महाविद्यालयांतील कपाटांत धूळ खात पडले आहेत. या गटाने २००८ साली ‘एम्ब्रेस’ नावाची संस्था स्थापन केली आणि नंतर मंडळी बंगळुरूला येऊन राहिली. होवाघिमिअन पुढे दुसऱ्या उद्योगाकडे वळले. जेन चेन आणि राहुल पणिक्कर यांनी हे काम दीर्घकाळ चालवले. चाचण्या, उत्पादन, परवाने, रुग्णालयांचे उंबरठे झिजवणे, यात वर्षे गेली. भारतात ही पिशवी प्रत्यक्ष उपलब्ध झाली ती २०११ साली. वर्गातील पाठाला काही महिने लागले होते, वस्तू बाजारात यायला चार वर्षे लागली. प्रारंभी २५ डॉलरचा आकडा बोलला जात असे. शेवटी किंमत २०० डॉलरच्या आसपास आली. बालकाच्या जिवाशी संबंध असलेली वस्तू कसोट्यांना उतरवायची तर खर्च वाढतो, याचा अंदाज विद्यार्थ्यांना सहसा नसतो.

आणि एक वळण असे की, खेड्यातल्या आईसाठी निघालेली ही पिशवी प्रथम मुख्यतः दवाखान्यांत आणि रुग्णालयांत गेली. बाळाच्या बाबतीत आई अनोळखी विक्रेत्यावर विश्वास ठेवीत नाही, डॉक्टर किंवा परिचारिकेने सांगितले तर ठेवते. त्यासाठी विजेवर तापणारा वेगळा प्रकार करावा लागला. ज्या रुग्णालयाकडे पाठ फिरवून गट निघाला होता, त्याच्याच दारातून त्याला पुन्हा यावे लागले. याला कोणी अपयश म्हणेल. तसे म्हणणे उथळपणाचे ठरेल. काठमांडूच्या रिकाम्या पेट्यांपाशी जे कळले ते खरेच होते. दुसरे सत्य नंतर कळले, इतकेच.

पैशाची ओढाताण तर अखंड होती. २०१२ साली धर्मादाय संस्था आणि नफा मिळवू पाहणारी कंपनी असे दोन भाग करण्यात आले. पुढे कंपनी बंद पडण्याच्या उंबरठ्यावर आली होती, आणि आपण स्वतःही पार थकून गेलो होतो, हे चेन यांनी जाहीरपणे सांगितले आहे. सेवेच्या कामात झोकून देणाऱ्या तरुणांच्या घरच्यांनी हे ऐकून ठेवावे. ध्येयवादी मुलाला किंवा मुलीला विश्रांतीची गरज नसते, अशी आपल्या घरांत एक चमत्कारिक समजूत असते.

परदेशी विद्यार्थ्यांची ही कथा ऐकून डोळे दिपवून घेण्याचे कारण नाही, तसेच नाक मुरडण्याचेही नाही. कारण त्या वर्गाच्या बारा वर्षे आधी, १९९५ साली, आपल्याच गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग सुरू केला होता. गावातल्याच, बेताचे शिक्षण झालेल्या स्त्रियांना त्यांनी शिकवले. श्वास कसा मोजावा, जंतुसंसर्ग कसा ओळखावा, सुई कशी द्यावी, हे सारे. कमी वजनाच्या बाळाला उबदार ठेवण्यासाठी त्यांच्याकडेही झोपायची कापडी पिशवी होती. तिच्यात मेणाची थैली नव्हती. मात्र तिच्यासोबत गावातलीच एक बाई होती, जी आजीला नावाने ओळखत होती आणि पुन्हा पुन्हा घरी येत होती. तिसऱ्या वर्षाअखेर त्या गावांतील नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि पुढे २०११ साली केंद्र शासनाने आशा कार्यकर्त्यांमार्फत हीच पद्धत देशभर स्वीकारली. कोणत्याही गटाने नवीन प्रदेशात पाऊल ठेवण्यापूर्वी तेथे आधीपासून कोण काम करीत आहे हे शोधावे, हा नियम सांगायला सोपा आणि पाळायला कठीण आहे, कारण ‘पहिले आपणच’ हे वाटणे फार गोड असते.

याहून जुना उपाय आईच्या छातीचा. १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे पेट्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी कमी वजनाची बाळे आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्यास सुरुवात केली. तीच ‘कांगारू पद्धत’. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भारतासह पाच देशांतील रुग्णालये त्यात होती. जन्मतःच, बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता, आईच्या छातीशी ठेवलेल्या बाळांमध्ये मृत्यूचे प्रमाण २५ टक्क्यांनी कमी आढळले. पिशवीचे स्थान मग कोठे? आई आजारी असेल, शस्त्रक्रियेतून उठली नसेल, बाळाला एका दवाखान्यातून दुसरीकडे न्यायचे असेल, तेथे. स्वतःच्या वस्तूची ही मर्यादा मान्य करणे उद्योजकाला जड जाते, कारण त्याच्या मागे गुंतवणूकदार उभा असतो. विद्यार्थ्याला ते तितके जड जाऊ नये.

काम संपलेले नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी सुमारे २५ पहिल्याच महिन्यात दगावतात, आणि ज्यांचे वजन नोंदले गेले अशांपैकी सुमारे १८ टक्के बाळे अडीच किलोहून कमी भरतात. आपल्या महाविद्यालयांतून आता उद्योजकतेच्या स्पर्धा होतात, परदेशी विद्यापीठांच्या मुलांबरोबर संयुक्त गट बनतात, दहा-पंधरा दिवस खेड्यात राहण्याचे कार्यक्रम आखले जातात. अशा गटाचे प्रमुखपद ज्याच्याकडे येईल त्याने परदेशी पाहुण्यांना लाजून गावाची बाजू सावरून घेऊ नये, आणि गावकऱ्यांसमोर पाहुण्यांचे कौतुकही मिरवू नये. दुभाषा म्हणून बसला असेल तर बाईचे वाक्य तिच्याच शब्दांत सांगावे. ‘ती म्हणते, वापरीन’ एवढेच भाषांतर झाले असते, तर अर्धा चमचा कोणालाच कळला नसता. वहीत नोंद करताना आईच्या उत्तरापुढे आजी काय म्हणाली हेही लिहावे, आणि आजी काहीच बोलली नसेल तर तसे लिहावे.

मुक्काम कोणाच्या घरी करायचा ते मात्र निघण्यापूर्वीच ठरवून घ्यावे. पाच-सहा पाहुणे येणार म्हटले की त्या घरच्या बाईचा सबंध दिवस मोडतो, आणि भातलावणीच्या दिवसांत तो मोडणे बरे नव्हे.